क्रीडांगणावरून : भिलाईच्या मुलींचा हंगाम

नंदिनी नगर हे नाव आमच्या पुष्कळ वाचकांस नवे असेल. छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर ही वसाहत आहे. तेथील चुनखडीच्या खाणीसाठीच ती उभी राहिली. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज राजहऱ्याहून, डोलोमाइट हिर्रीहून आणि चुनखडी नंदिनीहून मिळावी, अशी मूळची योजना. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून नंदिनीचा दगड या कारखान्याशी बांधला गेला. चुनखडीपासून काही लोखंड होत नाही. भट्टीत खनिजाबरोबर जी माती आणि वाळू येते तिला धरून धातुमळीच्या रूपाने बाहेर काढणे, एवढेच तिचे काम. पण ते झाले नाही, तर हाती येणारे लोखंड कामाचे राहत नाही.

या पोलादनगरीत आणि तिच्या खाणवस्त्यांत देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. शिवाय मुंबई-हावडा लोहमार्गाने दोन्ही गावे जोडलेली. त्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबे येथे सहज रुळली. कारखान्याने वसाहती बांधल्या, शाळा काढल्या, रुग्णालय उभारले आणि मैदानेही आखली. सेक्टर एकमधील पंत स्टेडियमवर जो खेळ रुजला तो आमच्या मते या नगरीचा सर्वांत मोलाचा उपज आहे. अर्थात पोलादानंतर! तो खेळ म्हणजे मुलींचे बास्केटबॉल.

भिलाईच्या मुलींच्या बास्केटबॉलविषयी बोलताना राजेश पटेल यांचे नाव घ्यावेच लागते. कारखान्याच्या क्रीडा विभागाचे हे प्रशिक्षक. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झाले. त्या लहानशा नव्या राज्याच्या मुलींचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत मोठमोठ्या राज्यांच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा त्यांच्या पुढे, उभे राहिले, यात पटेलांच्या परिश्रमांचा वाटा फार मोठा होता. खेड्यापाड्यांतील, आदिवासी भागांतील, साध्या परिस्थितीतील मुली त्यांनी हेरल्या आणि त्यांच्या राहण्याजेवणाची व शिक्षणाची काळजी वाहिली. अंजू लाक्रा आणि सीमा सिंग या छत्तीसगडातून पुढे येऊन भारतीय संघात खेळल्या. जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी ही मूळची उत्तर प्रदेशातली, पण तिच्या उंचीचे चीज झाले ते भिलाईतच. २०१८ साली पटेल निवर्तले. त्यांनी घालून दिलेली शिस्त हाच आजच्या लेखाचा खरा विषय आहे. कारण महाविद्यालयाचा एखादा नवखा संघ एका हंगामात कसा सुधारतो, हे समजून घ्यावयाचे तर त्या शिस्तीकडेच पाहावे लागते.

खेळ तसा फार जुना नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो शोधून काढला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. त्या टोपल्यांना बूड होते, तेव्हा चेंडू पडला की कोणी तरी शिडी लावून तो काढावयाचा! मुलींनी या खेळाला फार वेळ दूर ठेवले नाही. सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने पुढच्या एक-दोन वर्षांतच स्मिथ महाविद्यालयातील विद्यार्थिनींना तो शिकविला. तरीही ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सामने १९३६ साली सुरू झाले आणि स्त्रियांचे व्हावयास १९७६ साल उजाडले. त्या वर्षी सुवर्णपदक सोव्हिएत संघाने मिळविले. त्यात उलियाना सेम्योनोव्हा ही पूनमसारखीच सात फुटांच्या घरातली खेळाडू होती. भिलाईचा कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला हे ध्यानात घेतले, म्हणजे हा योगायोग मनोरंजक वाटतो. आम्ही त्यावरून काही निष्कर्ष काढू इच्छीत नाही.

आता हंगामाकडे वळू. जुलैत महाविद्यालये सुरू होतात, पाऊस असतो, सिमेंटचे उघडे मैदान निसरडे असते. वीस-पंचवीस मुली नाव देतात. त्यांतल्या चार-पाच शाळेपासून खेळलेल्या, बाकीच्यांनी चेंडू हाती धरलेला नाही. पहिल्या सामन्यांत अशा संघाची जी दाणादाण उडते ती पाहून प्रेक्षक म्हणतात, ‘यांना टोपलीत चेंडू टाकताच येत नाही.’ हे निदान चुकीचे असते. बारकाईने पाहणाऱ्याला दिसते की, चेंडू टोपलीपर्यंत पोहोचतच नाही. पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो, चेंडू घेऊन पावले जास्त पडतात, आठ सेकंदांत मैदानाचा अर्धा भाग ओलांडता येत नाही, चोवीस सेकंदांत नेम साधावयाचा या घाईने गोंधळ उडतो. म्हणून जाणता प्रशिक्षक पहिल्या महिन्यात टोपलीकडे फारसे पाहू देत नाही. दोन्ही हातांनी चेंडू आपटीत नेणे, मान वर ठेवणे, छातीपासून सरळ पास देणे आणि दोन पावलांत थांबणे, यांतच सकाळ आणि संध्याकाळ जाते. मुली कंटाळतात. वीसांतल्या आठ गळतात. उजव्या हाताच्या मुलीला डाव्या हाताने चेंडू टोपलीत सोडावयास लावले, म्हणजे तिला तो छळ वाटतो. पण जी केवळ उजवीकडूनच जाते, तिला अडविणे प्रतिपक्षाला तिसऱ्या मिनिटालाच जमते.

खरी सुधारणा प्रथम दिसते ती बचावात. नेम साधणे हे काही अंशी दैवाधीन असते, एखाद्या दिवशी हात लागतो, एखाद्या दिवशी लागत नाही. पण पायांचे काम रोज सारखेच करता येते. गुडघे वाकवून, पावले न ओलांडता बाजूला सरकणे, प्रतिस्पर्धिनी आणि टोपली यांच्यामध्ये राहणे, आणि हात न लावता तिला वाट सोडावयास लावणे हे कष्टाचे पण शिकता येण्याजोगे काम आहे. नवखा संघ हाताने बचाव करतो, म्हणून फाऊल होतात. दहा मिनिटांच्या एका डावात पाचव्या सांघिक फाऊलपासून प्रतिपक्षाला मुक्त फेकी मिळू लागतात, आणि पाच फाऊल झालेली खेळाडू बाहेर जाते. ती बहुधा संघातील सर्वांत उत्साही मुलगी असते. पायांनी बचाव करावयास शिकलेला संघ ऑक्टोबरात तोच सामना पंधरा गुणांऐवजी पाच गुणांनी हरतो. वर्तमानपत्रात तो पराभवच. प्रशिक्षकाच्या वहीत मात्र तो पराभव राहत नाही.

मुक्त फेकीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या गोष्टीची आम्हांस विशेष आवड आहे. टोपली ३.०५ मीटर उंच, फलकापासून रेषा ४.६० मीटर दूर, समोर अडविणारे कोणी नाही. इतकी सोपी फेक आणि तीच सामन्यात हुकते! समजा, एखाद्या संघाला सामन्यात वीस मुक्त फेकी मिळतात आणि त्यांतल्या आठ साधतात. हंगामाच्या अखेरीस तेरा साधू लागल्या, तर दुसरे काहीही न बदलता पाच गुण वाढले. दुर्गसारख्या जिल्ह्यातील आंतरमहाविद्यालयीन सामन्याचा निकाल फिरण्यास तेवढे पुरेसे होते. पण ताज्या दमाने उभे राहून शंभर फेकी टाकण्याचा सराव उपयोगाचा नाही. सामन्यात ती फेक येते तेव्हा छाती धापत असते आणि हात थरथरत असतात. म्हणून मैदानाच्या दोन टोकांत धावावयास लावून, धाप लागलेली असतानाच दोन फेकी, पुन्हा धाव, पुन्हा दोन फेकी, अशा रीतीनेच तो सराव करावा लागतो. हुकलेल्या प्रत्येक फेकीची नोंद वहीत झाली पाहिजे. या वहीचा कंटाळा करणारे संघ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

धापेचा उल्लेख आला, तेव्हा आमच्या गृहिणी वाचकांस एक गोष्ट सांगावयाची आहे. सराव नीट, प्रशिक्षक चांगला, मुलगीही मन लावून खेळणारी. तरी तिसऱ्या डावात तिचे पाय जड होतात, चेहरा उतरतो, डोके दुखते. प्रशिक्षक तिला आळशी ठरवितो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे बारा जणींच्या संघात सहा-सात मुलींच्या रक्तात लोह कमी असण्याचा संभव आहे. ज्या नगरीच्या रुळांवरून देशाच्या आगगाड्या धावतात, तेथील मुलींच्याही रक्तात लोह उणे असावे, हे विपरीत खरे. रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की प्राणवायू स्नायूंपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मग कितीही धावावयास लावा, दम वाढत नाही. हंगामाच्या आरंभी रक्ताची एक साधी तपासणी करून घेतली, तर अर्धा झगडा तेथेच संपतो. गोळ्या वैद्याच्या सल्ल्याने घ्याव्या. घरात मात्र पुष्कळ करता येते. छत्तीसगडात लाल भाजी आणि चेच भाजी मुबलक मिळते, आपल्याकडे चवळी, मटकी, हरभरा, नाचणी, तीळ आहेतच. त्यांवर लिंबू पिळावे, कारण आंबटपणाने लोह अंगी लागते. आणि जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा देऊ नये. लोह शोषले जाण्यास चहा आडवा येतो. खेळून आलेल्या मुलीच्या ताटात भावापेक्षा कमी वाढले जात असेल, तर त्यावर कोणत्याही प्रशिक्षकाचा इलाज नाही.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. उडी मारून खाली येताना किंवा धावता धावता एकदम वळताना मुलींच्या गुडघ्यातील बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते, असे क्रीडावैद्यकाने दाखवून दिले आहे. खाली येताना गुडघे आत वळले, की धोका. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरण्याचा सराव रोज दहा-पंधरा मिनिटे केला, तर हा धोका बराच कमी होतो. तुटलेल्या बंधाने हंगामच काय, मुलीचा खेळच संपण्याची वेळ येते. कारण त्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास बहुधा नऊ महिने ते वर्ष लागते, आणि तितका काळ घरचे लोक थांबतात कोठे?

येथेच महाविद्यालयीन खेळाचे मर्म आहे. पदवीची तीन-चार वर्षे, म्हणजे फार तर तीन-चार हंगाम. पहिला शिकण्यात जातो. दुसऱ्यात मुलगी संघात स्थिरावते, तो घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, अथवा वडील निवृत्त होऊन कारखान्याचे निवासस्थान सोडावे लागते. म्हणून एका हंगामात संघ सुधारला की नाही, हा प्रश्न त्या मुलीच्या दृष्टीने केवळ चषकाचा नसतो. संघ सुधारला, तर तिची विद्यापीठाच्या संघात निवड होते. तेथून विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, आणि मग खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर रेल्वेतील नोकरी. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षे बलाढ्य राहिला आहे, तो अशाच मुलींमुळे. छत्तीसगडच्या कितीएक मुली त्याच वाटेने गेल्या. ज्या घरात आजवर कोणा स्त्रीच्या नावे पगार आला नव्हता, तेथे तो येऊ लागतो. संध्याकाळी सहाला मुलगी अर्ध्या चड्डीत मैदानावर असते, याबद्दल शेजारी काय म्हणतात हा प्रश्न त्यानंतर फारसा कोणी काढीत नाही. पण त्याआधीची दोन वर्षे तो प्रश्न रोज निघतो आणि त्याचे उत्तर आईला द्यावे लागते.

२०१७ साली बंगळूर येथे आशियाई महिला स्पर्धेच्या ‘ब’ विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरविले. दोन गुणांचे अंतर! आमच्या पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती आणि पुढे ती भारताची कर्णधार झाली. दोन गुण म्हणजे एक टोपली, किंवा दोन मुक्त फेकी. वर त्या वहीविषयी जे लिहिले, ते वाचकांना आता अतिशयोक्तीचे वाटू नये.

फेब्रुवारीत स्पर्धा आटोपतात, मार्चात परीक्षा येतात, आणि एप्रिलपासून भिलाईचे ऊन असे तापते की सकाळी आठनंतर मैदानावर पाऊल ठेववत नाही. तेव्हा सराव पहाटे साडेपाचला. या दिवसांत संघ नसतो. ज्या दोघी-तिघी येतात त्याच पुढच्या जुलैतल्या जुन्या खेळाडू. मैदान लांब असेल, तर अंगणातील भिंतीवर ३.०५ मीटरवर खूण करून काम भागते, आणि डाव्या हाताने चेंडू आपटण्यास तर तेवढीही जागा लागत नाही. चेंडू विकत घ्यावयाचा झाल्यास मुलींसाठी सहा क्रमांकाचा मागावा. दुकानदार पुष्कळदा सात क्रमांकाचा पुढे करतो; तो पुरुषांचा, मोठा आणि जड असतो, आणि त्यावर सराव केलेला हात सामन्यात चुकतो. सिमेंटच्या मैदानासाठी रबरी चेंडू पुरतो, चामड्याचा तेथे एका उन्हाळ्यात सोलून निघतो.