'पूर्ण स्पर्धे'च्या धड्यातून जात कोणी वगळली?

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात बाजाराच्या प्रकारांचा एक धडा आहे. त्यात पूर्ण स्पर्धेची वैशिष्ट्ये दिली आहेत. असंख्य विक्रेते, असंख्य ग्राहक, एकजिनसी वस्तू, मुक्त प्रवेश आणि मुक्त निर्गमन, बाजाराचे परिपूर्ण ज्ञान, उत्पादन घटकांची परिपूर्ण गतिशीलता. रिसोड तालुक्यातली आपली पोरे-पोरी हे पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्क घेतात. आणि ऑक्टोबरात बापासोबत सोयाबीनचे कट्टे घेऊन बाजार समितीच्या यार्डात जातात, तेव्हा त्यांना दिसतो दुसराच बाजार.

विक्रेते असंख्य, हे खरे. पण बोली लावणारे बोटावर मोजण्याइतके. वस्तू एकजिनसी नाही, कारण ओलावा किती आणि काडीकचरा किती हे घेणारा ठरवतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. त्या हंगामात विदर्भातल्या बाजारांत शेतकऱ्याच्या हातात त्याहून कितीतरी कमी पडले. सरकारी खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट होती. ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली नोव्हेंबरात. ज्याला दिवाळीआधी कृषी केंद्राची उधारी फेडायची होती, त्याने माल केव्हाच विकून टाकला होता. परिपूर्ण ज्ञान त्यालाही होते. हमीभाव किती हे त्याला तोंडपाठ होते. थांबायची ऐपत नव्हती.

शिक्षक सांगतील की पूर्ण स्पर्धा ही कल्पनाच आहे, वास्तव समजण्यासाठीची मोजपट्टी आहे. ठीक. मग या मोजपट्टीने वास्तव मोजताना पुस्तक काय काय मोजते? मक्तेदारी मोजते, अल्पाधिकार मोजते, मक्तेदारीयुक्त स्पर्धा मोजते. मात्र त्या यार्डात अडत्या कोण, हमाल कोण, सांडलेले दाणे झाडून घेणाऱ्या बाया कोणत्या वस्तीतून येतात, हे मोजत नाही. 'मुक्त प्रवेश' लिहिणाऱ्या पोराने एवढेच विचारावे: आपल्या वस्तीतल्या किती जणांकडे अडतीचा परवाना आहे? दुकान टाकायला भांडवल, उधारीवर माल देणारी ओळख, पिढीजात नातेसंबंध हे सगळे कुठून येते? या देशात ते बहुतेक वेळा जातीतून येते. हे वाक्य अर्थशास्त्राचे आहे. ते समाजशास्त्राच्या तासाला ढकलून देणे हीच खरी चलाखी आहे.

'उत्पादन घटकांची परिपूर्ण गतिशीलता' या एका ओळीवर तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच बोट ठेवले होते. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, या युक्तिवादाचा समाचार घेताना 'जातिनिर्मूलना'त त्यांनी दाखवले की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. एका धंद्यात मंदी आली की माणूस दुसऱ्या धंद्यात जातो, असे बाजाराचे शास्त्र सांगते. जात त्याला जाऊ देत नाही. म्हणून जात स्वतःच बेकारीचे एक कारण आहे, असे त्यांनी मांडले. हा शुद्ध आर्थिक सिद्धान्त आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. म्हणजे सिद्धान्तही आहे आणि पुरावाही आहे. तरी बेकारीच्या प्रकरणात पोरे काय शिकतात? हंगामी, छुपी, संरचनात्मक, चक्रीय. जातीमुळे येणारी बेकारी या यादीत नाही.

छुप्या बेकारीचेच घ्या. ही कल्पना पाठ्यपुस्तकात येते ती पाश्चात्त्य नावांसह, आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या लेखासह. लुईस मोठेच होते, वाद नाही. पण १९१८ साली बाबासाहेबांनी 'भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यावरील उपाय' हा निबंध लिहिला. तेव्हा बडोद्यापासून मुंबईपर्यंत सगळ्या तज्ज्ञांचे एकच म्हणणे होते की जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे हे एकरावर ठरत नाही. त्यावर लावायला भांडवल आणि अवजारे किती, यावर ठरते. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पोट भरत आहेत, त्यांच्यातली बरीचशी मेहनत वायाच जाते, आणि त्यावरचा इलाज उद्योगीकरणात आहे. आज वाशिम जिल्ह्यात दोन-अडीच एकराचा धनी स्वतःच्या शेतात पेरणी करून दुसऱ्याच्या शेतात सोंगणीला जातो, आणि पोरगा पुण्याच्या कंपनीत कंत्राटी लागतो. हा निबंध शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते हवे?

या सगळ्यावर एक ठरलेले उत्तर येते. "अर्थशास्त्र हे शास्त्र आहे, त्यात दृष्टिकोन कसले?" हे उत्तर देणाऱ्यांना जगात काय चालले आहे याची खबर नाही. २००८ च्या मंदीनंतर इंग्लंडच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाऊन विचारले होते की हे येणार, हे कुणाला कसे दिसले नाही. २०११ च्या नोव्हेंबरात हार्वर्डमध्ये ग्रेगरी मॅनकीव यांच्या तासातून विद्यार्थी उठून बाहेर गेले. तक्रार हीच होती की एकच विचारधारा शास्त्र म्हणून शिकवली जाते. मँचेस्टरमध्ये विद्यार्थ्यांनी संघटना काढली. २०१४ च्या मे महिन्यात अनेक देशांतल्या विद्यार्थी संघटनांनी मिळून अर्थशास्त्र बहुविध दृष्टीने शिकवा म्हणून जाहीर पत्र काढले. श्रीमंतांच्या पोरांना जे खटकले, ते भूमिहीनाच्या पोराने मुकाट्याने पाठ करावे काय?

खुद्द बाबासाहेब कसे शिकले ते पाहा. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, आणि त्यासोबत इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. लंडनला 'रुपयाचा प्रश्न' लिहिला तो केन्सनी ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्या विरोधात. १९२३ साली पुस्तक आले. त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी, आणि शिष्याचे बरेच म्हणणे आपल्याला मान्य नाही असे त्यात स्पष्ट नोंदवले. असहमत गुरू प्रस्तावना लिहितो! आपल्याकडे असहमत विद्यार्थ्याचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण जातात.

त्या पुस्तकातला एक मुद्दा तर आजही जसाच्या तसा लागू आहे. रुपया घसरला की निर्यातीला फायदा होतो, देशाला फायदा होतो, असे तेव्हाही म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? भाव वाढतात, मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या खिशात पडलेला पैसा देशातल्याच मजुराच्या खिशातून गेलेला असतो. 'देशाचा फायदा' या शब्दाखाली कोणाचा तोटा झाकला आहे, हे विचारायची सवय म्हणजेच वेगळा दृष्टिकोन.

आता सावध राहण्याची गोष्ट. विविधतेच्या नावाने दुसराच माल खपवला जातो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अर्थशास्त्र, वाणिज्य धरून नऊ विषयांच्या पदवी अभ्यासक्रमाचे मसुदे काढले. त्यात भारतीय ज्ञानपरंपरा म्हणून कौटिल्य आहे, संपत्तीविषयीचा धार्मिक दृष्टिकोन आहे. शिकवा ना, जरूर शिकवा. पण मग पूर्ण शिकवा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर वर्णाप्रमाणे ठरतो: ब्राह्मणाला महिना शेकडा दोन, आणि उतरत उतरत शूद्राला पाच. दहाव्या अध्यायात शूद्राने धनसंचय करू नये असा दंडक आहे. पतपुरवठ्यातल्या भेदभावावरचा इतका जुना दस्तऐवज जगात दुसरा सापडणे कठीण! हे पान गाळून 'धार्मिक अर्थविचार' शिकवणे ही विविधता नाही, जुन्या मक्तेदारीला नवा परवाना आहे. आणि भारतीय परंपराच हवी असेल तर १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' का नको? न्यायमूर्ती रानड्यांचे भारतीय अर्थशास्त्रावरचे डेक्कन कॉलेजातले व्याख्यान १८९२ चे. त्याच्या नऊ वर्षे आधी जोतीरावांनी शेतकऱ्याचा पैसा सावकार, सरकारी कामगार आणि भटशाही यांच्यात कसा वाटला जातो याचा हिशेब मांडला होता. रानडे अर्थतज्ज्ञ आणि फुले समाजसुधारक, ही वाटणी कोणी केली?

आपल्या माणसांनाही दोन शब्द. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळे झाली, हे आपण प्रत्येक १४ एप्रिलला बॅनरवर लिहितो. १५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, हे खरे. पण त्या साक्षीत ते काय म्हणाले, हे बॅनर लावणाऱ्या किती जणांना सांगता येईल? महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेला सहावा खंड अर्थशास्त्राचाच आहे. तो कपाटात आहे, हार घातलेला. आणि एमपीएससीच्या गाईडमध्ये बाबासाहेबांचे अर्थशास्त्र म्हणजे पुस्तकाचे नाव आणि साल, जोड्या लावा.

वाशिम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक, आणि २०१८ पासून 'आकांक्षित' जिल्हा. पॅकेज सातबारा पाहून आले. मक्त्याने, बटईने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. सालदाराच्या नावावर नसतो. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या नावावर तर नसतोच, आणि तिची मजुरी पुरुषापेक्षा कमी का, याचे उत्तर सीमान्त उत्पादकतेच्या आलेखात मिळत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच प्रश्नावर. शेती अर्थशास्त्राच्या पेपरात त्यांचे नाव कुठे आहे?

करायचे काय ते अवघड नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला विद्यार्थ्यांच्या सह्यांचे निवेदन द्या. जातीमुळे होणारा बाजारातला भेदभाव हा वेगळ्या 'विचारवंत' घटकात कोंबू नका, मागणी, मजुरी, पतपुरवठा यांच्या धड्यातच घ्या, असे लिहा. पदवीचा प्रकल्प गुगलवरून उतरवण्याऐवजी रिसोडच्या यार्डात करा. एका हंगामात कोणत्या समाजाचा किती माल, किती ओलावा कापून, कोणत्या भावाने गेला, आणि उधारीवर किती टक्के व्याज लागले, याच्या नोंदी ठेवा. आणि विहाराच्या अभ्यासिकेत दर रविवारी लहान धारणक्षेत्रांचा निबंध दोन-दोन पाने मोठ्याने वाचा. पहिल्या खंडात आहे. तासिका तत्त्वावरच्या सरांना बोलवा. ते येतील, त्यांनाही वर्गात हे शिकवायला मिळत नाही.