अश्वशक्ती, वॅट आणि युनिट : माझे मत



आपल्याकडे पाण्याच्या मोटारीचा विषय निघाला की जो तो 'एचपी'त बोलतो. तीनची मोटार, पाचची मोटार, साडेसातची मोटार. त्याच मोटारीच्या अंगावर जी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर मात्र किलोवॅटही लिहिलेले असतात. आणि घरी विजेचे बिल येते ते युनिटमध्ये! एकाच विजेच्या या तीन भाषा. माझे स्पष्ट मत असे की, सातवी पास होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला या तिन्ही भाषांचा हिशेब आलाच पाहिजे. मग तो परीक्षेला येवो अगर न येवो.

आधी घोड्याचे पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडचे जेम्स वॅट वाफेची इंजिने सुधारून विकत होते. गिऱ्हाईक विचारी, "तुमचे इंजिन किती घोड्यांचे काम करील?" म्हणून वॅट यांनी घोड्याच्या कामाचे माप ठरवले. आपल्या मापात सांगायचे तर ७६ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. पुढे शास्त्रज्ञांनी शक्तीच्या नव्या मापाला याच वॅट यांचे नाव दिले. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, आणि १,००० वॅट म्हणजे १ किलोवॅट. एवढे पाठ केले की अर्धे काम झाले.

आता युनिट. इथेच पुष्कळजण फसतात. किलोवॅट हा कामाचा वेग आहे, युनिट ही झालेल्या कामाची बेरीज आहे. नळाची धार आणि हंड्यात साठलेले पाणी यांत जो फरक, तोच हा फरक. १ किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की १ युनिट झाले. १०० वॅटचा दिवा १० तास जळाला तरी १ युनिटच. म्हणून "ही मोटार किती युनिटची?" हा प्रश्नच चुकीचा. ती किती तास चालली, हे आधी विचारायला पाहिजे.

काही लोक म्हणतात, "अहो, शेतकऱ्याला हे आकडे कशाला? दुकानदार देईल ती मोटार घ्यायची." हे मला मुळीच पटत नाही. समजा, ३० मीटर खोल विहिरीतून दर सेकंदाला ५ लिटर पाणी वर काढायचे आहे. ५ लिटर पाणी म्हणजे ५ किलो. ५ × ९.८ × ३० = १,४७० वॅट, म्हणजे जवळजवळ २ अश्वशक्ती. पंपात निम्मी शक्ती वाया गेली असे धरले, तर ४ अश्वशक्ती लागेल. तेव्हा ५ ची मोटार पुरेशी झाली. एवढा हिशेब घरच्या मुलीने वहीत करून दाखवला, तर वडील साडेसातच्या मोटारीचे जादा पैसे का मोजतील?

दुसरे उदाहरण ऐका. २०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी मोफत विजेची योजना आणली. आता एखाद्या मोटारीच्या पट्टीवर '७.५' लिहिलेले आहे. पण साडेसात काय? एचपी असेल तर ती ५.५ किलोवॅटच्या आसपासची मोटार झाली. किलोवॅट असेल तर ती चक्क १० अश्वशक्तीची, म्हणजे योजनेच्या मर्यादेबाहेरची! आकडा एकच, पण पुढची दोन अक्षरे न वाचल्यामुळे घरचा हिशेब पार बिघडू शकतो.

"मग अश्वशक्ती टाकूनच द्या ना!" असेही कोणी म्हणेल. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. जगभर मान्य असलेले माप वॅटच आहे. शिवाय घोडेही सगळे सारखे नाहीत! काही गाड्यांच्या माहितीपत्रकावर 'पीएस' लिहितात, तो घोडा ७३५.५ वॅटचा असतो. पण मोटार बांधणारे मिस्त्री, दुकानदार, आपले आजोबा सगळे एचपीच बोलतात. त्यांची भाषा आपण सोडली, तर त्यांच्याशी बोलणार कसे? म्हणून मी म्हणतो, ऐकावे एचपीत आणि हिशेब करावा वॅटमध्ये.

अजून एक सांगतो. पट्टीवरचे किलोवॅट हे मोटारीच्या दांड्यावर मिळणारे काम असते. ती वीज ओढते त्याहून जास्त, कारण थोडी वीज मोटार तापण्यात जाते. ३.७ किलोवॅटची मोटार साधारण ४.४ किलोवॅट वीज ओढते असे धरले, तर ५ तासांत २२ युनिटे झाली.

तेव्हा बालमित्रांनो, येत्या रविवारी मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, वीज बंद असताना, घरच्या किंवा शेजारच्या मोटारीची पट्टी वाचा. मोटारीला हात मात्र लावू नका. किती एचपी, किती किलोवॅट, ते वहीत लिहा. एचपीला ०.७४६ ने गुणा आणि उत्तर पट्टीशी जुळते का पहा. थोडासा फरक पडेल, कारण कारखानदार आकडा सोयीचा करून छापतात. कोणाला माझे मत पटले नसेल तर त्यानेही कारणासह लिहून द्यावे. पुढच्या अंकात तेही याच भिंतीवर लावू.