असं का होतं? – कधी चटकन, कधी गरगर!

दिवाळीत आजीकडे पुण्याला जायचंय. स्लीपरचं तत्काळ तिकीट हवं म्हणून बाबा अकराच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसले. पण पडद्यावरचं चाक आपलं गरगर फिरतंय! चाक थांबेस्तोवर जागा संपल्या. काल दुपारी मात्र तेच पान चटकन उघडलं होतं. असं का होतं बरं?

नागपूर स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढा की घरी बसून, कोणती जागा रिकामी याची नोंद मोठ्या संगणकांत असते. त्यांना म्हणतात डेटाबेस सर्व्हर. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही रेल्वेची पाच आरक्षण केंद्रं १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली. २००२ पासून घरबसल्या तिकीट मिळू लागलं.

अशा कोणत्याही सर्व्हरकडे माहिती मागायला दुसरा संगणक जातो, तेव्हा तो तीन कामं करतो. नावावरून पत्ता शोधतो, दार ठोठावतो आणि आत रांगेत उभा राहतो. उशीर यांपैकी कुठंही होऊ शकतो.

मग चोर पकडायचा कसा? सेकंद मोजून! पत्ता सांगणारा संगणक गप्प राहिला, तर पुष्कळ संगणक पाच सेकंद वाट पाहून पुन्हा विचारतात. म्हणून उशीर नेमका पाच सेकंदांचा असेल, तर संशय पत्त्यावर. दार ठोठावल्याचा निरोप वाटेत हरवला, तर संगणक साधारण एक सेकंद थांबून पुन्हा ठोठावतो. मग दोन, मग चार सेकंद थांबतो. म्हणजे एकूण उशीर एक, तीन किंवा सात सेकंदांचा. आणि उशीर फक्त गर्दीच्या वेळीच होत असेल, तर संशय रांगेवर.

कधीमधी होणारा बिघाड फार लबाड असतो, बरं का! बघायला गेलं की सगळं ठीक. नुसतं बंद करून चालू केलं, तर तो तात्पुरता दडतो आणि खुणाही पुसल्या जातात. म्हणून जाणकार माणसं आधी वेळ लिहून ठेवतात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळणार कसं?

तुमची स्कूलबस कधी कधी उशिरा येते ना? आठवडाभर वार, वेळ आणि किती मिनिटं उशीर ते वहीत लिहा. मग आईबाबांसोबत बसून त्या आकड्यांत खूण शोधा. पाहा बरं, सापडते का!