वंशावर टिकलेला वंश

संस्कृतांत ‘वंश’ म्हणजे कुळ, तसाच वेळूहि. चीनच्या डोंगरांतील पांडा या अस्वलापुरते हे दोन्ही अर्थ एकच होत. १८६९ सालीं आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकानें पाश्चात्त्यांस त्याची ओळख करून दिली. पोट मांसाहाऱ्याचें, आहार मात्र वेळूचा! वेळूस फुलोरा आला कीं बेटेंच्या बेटें वाळतात. पूर्वीं अशा वेळीं पांडा दुसऱ्या डोंगरावर जाई. मध्यें शेतें व वस्त्या आल्यावर १९७० नंतरच्या दशकांत कित्येक पांडे उपाशी मेले. १९९८ पासून सरकारनें तेथील नैसर्गिक वनांची तोड थांबविली. पुढें तुटलेलीं रानें जोडावयास घेतलीं. २०११ ते २०१४ च्या गणनेंत रानांत १८६४ पांडे भरले. वाचकहो, केवळ शिकारबंदीनें प्राणी वांचत नाहीं. त्याची वाटहि मोकळी ठेवावी लागते.