अर्ज किती आले?

कुठल्याही कचेरीत जाऊन माणसाने काय वाटेल ते मागावे. पाणी मागावे, पंख्याखालची खुर्ची मागावी, फार झाले तर पेन मागावे, पण आकडा मागू नये. आकडा मागितला की समोरचा माणूस मुलीच्या पत्रिकेतला मंगळ विचारल्यासारखा दचकतो. हे मी अनुभवाने सांगतो, आणि मी काही आकड्यांना भिणारा माणूस नव्हे. बी.कॉम. आहे. वीसबावीस वर्षे बँकेच्या काउंटरवर आकडे जुळवण्यात गेली. दोन रुपयांच्या फरकासाठी रात्री साडेआठपर्यंत ब्रँच उघडी ठेवलेली मी पाहिली आहे, आणि शेवटी तो फरक हेड कॅशियरच्या बशीखाली निघालेलाही पाहिला आहे.

तर झाले असे, की माझ्या भाचीने एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केला. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. तिथे अजून माझ्या मेहुण्याचे पदवी प्रमाणपत्र अडकलेले आहे. विषय संख्याशास्त्र. अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसेही ऑनलाइन भरायचे, मग त्या ऑनलाइन अर्जाची प्रिंट काढून, सही करून, विभागात नेऊन द्यायची, आणि तिथल्या बाईंनी ती एका जाडजूड नोंदवहीत हाताने चढवायची. याला संगणकीकरण म्हणतात. आमच्या बँकेतही आधी असेच होते, त्यामुळे मला परके वाटले नाही.

यादी लागली. भाचीचा प्रतीक्षा यादीत ३४ वा नंबर. इकडे एका खाजगी कॉलेजात तिला त्याच विषयाला प्रवेश मिळत होता, पण तिथली फी ऐकून माझ्या ताईने भिंतीचा आधार घेतला. शिवाय ती फी आठ दिवसांत भरायची होती, नाहीतर जागा गेली. म्हणजे प्रश्न अगदी साधा होता: थांबायचे की भरायचे? आणि त्याचे उत्तर एका आकड्यात होते. गेल्या दोनतीन वर्षांत ही प्रतीक्षा यादी कितव्या नंबरापर्यंत सरकली?

आम्ही मामा-भाची विद्यापीठात गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितले.

"खूप अर्ज आलेत. काही खरं नाही."

"म्हणजे किती आलेत?"

"सांगितलं ना, खूप."

"आणि गेल्या वर्षी वेटिंग कुठपर्यंत गेलं होतं?"

"ते असं सांगता येत नाही हो काका."

भाची बाहेर येऊन म्हणाली, "मामा, हा संख्याशास्त्र विभाग आहे ना? मग 'खूप' ही कुठली संख्या?" मला उत्तर सुचले नाही. आमच्या अकाउंटन्सीतही ती नव्हती.

आठवा दिवस उजाडला. ताईने माझ्याच ब्रँचमधली तिची मुदतठेव मुदतीआधी मोडली. तिच्या व्याजातून दंड मीच कापला, व्हाउचरवर सही मीच केली. ते करताना मला जो राग आला, त्या रागात मी घरी येऊन माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. फीचे झाले ते झाले. पण खाजगी कॉलेजची जागा सोडायची वेळ अजून गेलेली नव्हती, आणि आकडा वेळेत मिळाला तर काही पैसे परत मिळण्यासारखे होते.

माहितीचा अधिकार २००५ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. महाराष्ट्राने तर त्याआधीच, २००२ मध्ये, आपला स्वतःचा कायदा केला होता. म्हणजे आपल्या कचेऱ्यांना सवय व्हायला इतरांपेक्षा तीन वर्षे जास्त मिळाली. अर्जाचा नमुना म्हणजे जोडपत्र 'अ'. त्यात एक प्रश्न आहे: अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे काय? असेल तर फी माफ. तारीख २६ होती, बराच वेळ विचार केला, मग प्रामाणिकपणे 'नाही' लिहिले. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्पच्या रूपात. दहा रुपयांचा हा स्टॅम्प मिळवायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पहिल्या व्हेंडरकडे स्टॅम्प नव्हते, दुसऱ्याकडे होते पण तो जेवायला गेला होता. तिसऱ्याने पाचाचे दोन दिले आणि वर विचारले, "कुणाचं काय काढायचंय?"

आपल्याकडे माहितीला 'काढणे' हे क्रियापद लागते. दात काढावा तशी माहिती काढतात.

अर्ज १५० शब्दांत बसवावा, एकाच विषयाचा असावा, असा महाराष्ट्राचा २०१२ पासूनचा नियम आहे. माझे १७१ शब्द झाले. भाचीने मोजून दिले, तिचा विषयच तो. मग 'सविनय' काढले, 'कृपया' काढले, 'आपणांस त्रास देत आहे, क्षमस्व' हे अख्खे वाक्य काढले, 'आपला नम्र' काढले. माणूस एकदम उर्मट होऊन १४८ वर आला. मागितले एवढेच: गेल्या तीन वर्षांत आणि यंदा या अभ्यासक्रमाला अर्ज किती आले, पात्र किती ठरले, प्रतीक्षा यादीतल्या कितव्या नंबरापर्यंत प्रवेश दिला, आणि अर्ज-शुल्कापोटी एकूण किती रुपये जमा झाले.

शेवटचा प्रश्न माझ्या धंद्यातला. प्रत्येक अर्जामागे पैसे घेतले आहेत. पैसे घेतले म्हणजे पावती फाडली, पावती फाडली म्हणजे हिशेब लागला. एकूण जमा रकमेला एका अर्जाच्या शुल्काने भागले (राखीव प्रवर्गाला शुल्क कमी असते, ते वेगळे धरायचे) की अर्जांची संख्या आलीच. हे गणित चौथीतले आहे. तेव्हा ज्या कचेरीला अर्ज किती आले हे ठाऊक नाही, तिला पैसे किती आले हेही ठाऊक नसले पाहिजे. आणि हे मात्र मी अजून कुठल्याही कचेरीबद्दल ऐकलेले नाही.

आवक विभागात अर्ज दिला. पोच देताना तिथल्या बाईंनी विचारले, "कशाला हवंय हे तुम्हाला?" कायद्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की अर्जदाराला कारण विचारायचे नाही. पण बाई प्रेमळ होत्या, मीही सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "अय्या, मग आधी कुणाची ओळख काढायची नाही का!" या वाक्यात आपल्या प्रशासनाचा सगळा इतिहास आला.

कायदा म्हणतो, शक्य तितक्या लवकर आणि फार तर ३० दिवसांत माहिती द्या. ही कमाल मर्यादा आहे, पण आपल्याकडे ती लग्नाच्या मुहूर्तासारखी पाळतात. एक दिवस आधी देणे अशुभ. उत्तरावर तारीख होती २९ व्या दिवसाची, पाकिटावर शिक्का होता ३३ व्या दिवसाचा. तोवर सगळ्या मुदती उलटून गेल्या होत्या. पाकिटात दोन ओळी होत्या. पहिली, मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. दुसरी, सदर माहिती ही विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.

आता तुम्हीच बघा. एकाच पत्रात माहिती नाहीही आहे, आणि आहे पण वैयक्तिकही आहे. शेजारणीने साखर मागायला यावे आणि आपण म्हणावे, "साखर संपलीय, शिवाय ती आमच्या ह्यांची खाजगी आहे."

'संकलित नाही' या शब्दांमागे एक वजनदार आधार आहे, हे मी कबूल करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षार्थींना स्वतःच्या उत्तरपत्रिका बघायचा हक्क दिला, त्याच निकालात असेही म्हटले की कचेरीकडे जी माहिती नाही ती नव्याने जमवून, रचून देण्याचे बंधन नाही. वाजवी आहे. कुणी उठून 'तुमच्या अर्जदारांपैकी डावखुरे किती' असे विचारले तर कारकुनाने का मोजत बसावे? पण निकालातला पहिला अर्धा भाग विद्यार्थ्यांच्या कामाचा आणि दुसरा अर्धा कचेरीच्या कामाचा, आणि कचेऱ्यांना दुसराच तेवढा पाठ. अर्जांची बेरीज ही काय रचना आहे? माझ्या कॅशियरने संध्याकाळी सांगितले, 'नोटा आहेत, पण एकूण रक्कम संकलित नाही', तर त्याला त्याच रात्री घरी पाठवतील. कायमचा. आणि वैयक्तिक म्हणाल, तर संख्येला नाव नसते, आडनाव नसते, जात नसते, मोबाइल नंबर नसतो. तिच्याइतकी अब्रूदार गोष्ट जगात दुसरी नाही.

खरे म्हणजे हे मागायची वेळच यायला नको. त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते, की कचेरीने आपण होऊनच जास्तीत जास्त माहिती जाहीर करावी, म्हणजे लोकांना अर्ज करत बसावे लागणार नाही. प्रवेशाच्या पानावर कुलगुरूंचा फोटो असतो, त्याच्या खाली एक ओळ टाकायला काय हरकत आहे? जागा इतक्या, गेल्या वर्षी अर्ज इतके, यादी सरकली इथपर्यंत. पण मग लोक स्वतःच हिशेब करून ठरवतील, कुठे शुल्क भरायचे आणि कुठे नाही. 'खूप' म्हटले की भीती राहते आणि शुल्कही येत राहते.

हा रोग आपलाच आहे असे मात्र कुणी समजू नये. इंग्लंडात पदवीचे अर्ज एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात आणि तिचे आकडे प्रसिद्ध होतात. पदव्युत्तर अर्ज मात्र बहुतेक थेट विद्यापीठाकडे जातात. त्यामुळे ते आकडे हवे असतील तर एकेका विद्यापीठाला त्यांच्या माहिती कायद्याखाली विचारावे लागते. तो कायदा २००० चा, लागू झाला १ जानेवारी २००५ ला. मुदत २० कामाचे दिवस. स्टॅम्प नाही, ईमेल पुरतो. त्यांच्याकडेही पळवाटा आहेत: काम १८ तासांपेक्षा जास्त असेल तर विद्यापीठ नाही म्हणू शकते, व्यापारी हिताला धक्का पोचेल असेही म्हणू शकते. पण निदान 'अठरा तास' हा आकडा तरी आहे! आपल्याकडे अठरा तासांत फाईल टेबलावरून उठत नाही.

आता थोडे स्वतःकडे. आमची बँक सरकारी, म्हणजे आम्हालाही हे अर्ज येतात. ब्रँचला अर्ज आला की साहेब मला हाक मारतात, कारण माझे मराठी बरे. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हे वाक्य मी स्वतः चारपाच वेळा लिहिलेले आहे, आणि त्यातल्या दोनदा माहिती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. कर्ज बुडव्यांची माहिती देणार नाही म्हणून रिझर्व्ह बँक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये हरली. तेव्हा आम्ही काउंटरवाले तरी कुठल्या तोंडाने बोलणार? ताईचे व्हाउचर फाडल्यापासून मात्र मी ते वाक्य लिहीत नाही. साहेब म्हणतात, माझे मराठी बिघडले.

पहिले अपील केले. वीस रुपयांचा स्टॅम्प, पुन्हा अर्धी रजा. ते फसले तर पुढे राज्य माहिती आयोग, जिथे २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त प्रकरणे तुंबलेली होती. तिथे नंबर लागेपर्यंत भाचीची मुलगी एम.एस्सी.ला आली असती. पण अपिलाचे साहेब सज्जन निघाले. कायद्यात चुकार अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, २५,००० पर्यंत दंड आहे, आणि तो पगारातून जातो. हे आठवून सज्जन झाले की मुळातच होते, कोण जाणे. म्हणाले, "अभिलेख बघून घ्या. पहिला तास फुकट. पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये."

भाची कॉलेज बुडवून आली. खाजगी कॉलेज, फी भरलेली, तरी बुडवून आली. बाईंनी नोंदवह्या आणून टेबलावर टाकल्या, चार वर्षांच्या चार. तिने वही उघडली आणि मोजायला पेन्सिल सरसावली, तेवढ्यात मी शेवटचे पान उलटले. तळाशी बेरीज केलेली होती. सुबक अक्षरात, तारीख घालून, खाली सही. चारही वह्यांत. मागच्या पानावर प्रतीक्षा यादीचा शेवटचा नंबर लाल शाईने लिहिला होता, आणि तो चारही वर्षी ३४ च्या बराच पुढचा होता. यंदासुद्धा.

भाची काही बोलली नाही. तिने वही मिटली, पुन्हा उघडली, आणि बाईंना विचारले, "ही बेरीज तुम्ही केलीत?"

"हो, दरवर्षी मीच करते. साहेबांना लागते ना."

एकूण अकरा मिनिटे झाली होती, म्हणजे फुकटातली एकोणपन्नास उरली. चार पानांच्या झेरॉक्सचे आठ रुपये झाले. मी दहाची नोट पुढे केली. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "सुटे नाहीत."