शौचालयाचे पैसे आणि बाईची तब्येत

महिन्याचा हिशेब मांडताना आपण भाडं, गॅस, लाइट बिल, रेशन, मुलांची फी सगळं लिहितो. शौचालयाचा खर्च मात्र कुणी वहीत लिहीत नाही. कुठे दोन रुपये, कुठे पाच. पाच माणसांचं घर, प्रत्येकजण दिवसातून दोनदाच गेला आणि दर दोन रुपये धरला, तरी दिवसाचे २० आणि महिन्याचे ६०० रुपये होतात.

मग काटकसर सुरू होते, आणि ती बाईपासून सुरू होते. पुरुषाला लघवीला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. बाईला पडतात. या भेदभावाविरुद्ध मुंबईत २०११ साली महिलांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली. तरीही वस्त्यांमध्ये फिरताना मला आजही तेच ऐकू येतं, "सिस्टर, पाणी कमीच पिते मी. म्हणजे सारखं जावं लागत नाही."

बायांनो, ही बचत नाही. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. लघवीला जळजळ होते, थोडी थोडी लागते, ओटीपोटात दुखतं. दुर्लक्ष केलं तर संसर्ग वर किडनीपर्यंत जातो. गरोदरपणात धोका जास्त. बाळ दिवस भरण्याआधी जन्माला येऊ शकतं. शिवाय बद्धकोष्ठता, मूळव्याध, मुतखडा आहेच. तपासणी, औषधं, बुडालेली रोजी धरली, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो.

म्हणून पाणी तोडू नका. थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगड्यांखाली दुखलं किंवा लघवीतून रक्त गेलं, तर त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा. गोळ्यांचा कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. गरोदर बाईने काही त्रास नसला तरी लघवी तपासून घ्यावी; कधीकधी संसर्ग असूनही त्रास जाणवत नाही.

पण एवढं सांगून मी गप्प बसणार नाही. रोज पैसे मोजावे लागत असतील, तर "भरपूर पाणी प्या" हा सल्ला कोरडाच आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितलं होतं की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. बाईच्या शरीराची काळजी हा तिचा खाजगी खर्च नाही, हा विचार आपल्याकडे तेव्हापासून आहे. ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानेही महिलांना स्वच्छ, सुरक्षित प्रसाधनगृहं देणं हे महापालिकांचं कर्तव्य असल्याचं बजावलं.

काहीजण म्हणतात, फुकट दिलं तर घाण होते, पाणी आणि लाइटचं बिल कोण भरणार? बिल महापालिकेने भरावं. साफसफाई करणारे बहुतेक आपलेच भाऊबहीण आहेत. त्यांचा पगार, हातमोजे, बूट याची जबाबदारीही तिचीच. रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहायचे पैसे आपण देतो का?

विहारातल्या महिला मंडळाने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आपलं शौचालय कोण चालवतं, करारात दर किती लिहिलाय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. सीट मोजा. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषाप्रमाणे सामुदायिक शौचालयात २५ महिलांमागे एक सीट हवी. मग वॉर्ड ऑफिसात लेखी मागणी द्या: महिलांना लघवी मोफत, घरटी परवडेल असा मासिक पास, गरोदर आणि वृद्धांना पैसे नाहीत, आणि रात्री कुलूप नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.