जीवशास्त्राची पदवी आणि जिल्ह्याचे आरोग्य

‘नीट’च्या परीक्षेत वैद्यकीय प्रवेश हुकलेला विद्यार्थी जीवशास्त्राच्या पदवीवर्गात बहुधा खाली मान घालूनच दाखल होतो; परंतु जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणापासून तारापूरच्या रासायनिक कारखान्यांपर्यंत आरोग्याचे नानाविध प्रश्न बाळगणाऱ्या, 1 ऑगस्ट 2014 रोजी जन्मलेल्या आमच्या पालघर जिल्ह्यास ही पराभूत वृत्ती परवडणारी नाही. जिल्ह्यातील माहीम ही तत्त्वज्ञ सोनोपंत दांडेकरांची जन्मभूमी, आणि पालघरात त्यांचे नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयात विज्ञानशाखाही आहे, हे येथील पालकांना सांगावयास नको.

सिकलसेलचेच पाहा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एकाच अमिनो आम्लाच्या बदलाने उद्भवणारा हा आनुवंशिक विकार आदिवासी समाजांत विशेष आढळतो. उभय पालक वाहक असता प्रत्येक अपत्यास तो जडण्याची शक्यता चारांत एक असते, आणि हे गणित पाड्यावर, पाड्याच्याच बोलीत, कोणासही न दुखवता उलगडून सांगणारा पदवीधर आरोग्यखात्यास शल्यविशारदाइतकाच (आमच्या मते काकणभर अधिकच) आवश्यक आहे.

मात्र केवळ बी.एस्सी. ही रुग्णचिकित्सेची सनद नव्हे, हे संस्थाचालकांनी प्रवेशसमयीच बजावावे. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ आदी व्यवसायांचे शिक्षण व नोंदणी यांच्या नियमनासाठी 2021 साली केंद्रीय कायदा झाला असून, त्या वाटांना स्वतंत्र शिक्षण लागते. जिल्हा परिषदेनेही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे दरवाजे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांस दीर्घ सुटीत, रीतसर हुकूम काढून, खुले करावेत.